फोक्सवॅगनचं जुनं १.६ डिझेल इंजिन: घ्यावं का, आणि घेतलं तर आधी काय उघडावं

हे इंजिन विकत घ्यायला गेलात तर कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरातला दाब मोजणारं) नंतर काढा. आधी क्रँकच्या पुढच्या टोकाकडे बघा. पट्ट्यांची पुली चार छोट्या ॲलन बोल्टांवर बसते आणि तिच्या मधोमध एक मोठा बोल्ट दिसतो. इंजिन मंद चालू असताना पुली लटपटत असेल, तर तो बोल्ट सैल झालाय किंवा आतला दातेरी पिनियन क्रँकवर हलतोय. बाकी इंजिन कितीही चांगलं असो, अशा वेळी त्याला अर्धमेलं समजूनच भाव करावा. हा दोष नसेल तर बाकीची जवळपास प्रत्येक गोष्ट नीट करता येते. जुन्या छोट्या डिझेल इंजिनांत दुरुस्तीला इतकं सरळ इंजिन क्वचितच मिळतं.

ओळखीपुरता इतिहास असा. १९७६ मध्ये गोल्फ डिझेल आली तेव्हा इंजिन १४७१ सीसीचं होतं, ५० पीएस ताकदीचं. ब्लॉकची मूळ घडण फोक्सवॅगनच्याच पेट्रोल इंजिनाची. पुढे बोअर (सिलिंडरचा व्यास) ७६.५ मि.मी. तोच ठेवून स्ट्रोक (पिस्टनची धाव) ८० वरून ८६.४ मि.मी. केला, तेव्हा १५८८ सीसी आणि ५४ पीएस झाले. टर्बोवाल्याची ताकद ७० पीएस. लोखंडी ब्लॉक, ॲल्युमिनियमचं हेड, वर एकच कॅमशाफ्ट. डिझेल थेट सिलिंडरात न मारता हेडमधल्या छोट्या स्वर्ल चेंबरमध्ये मारलं जातं. नोझलना डिझेल पुरवणारा बॉशचा व्हीई पंप पूर्ण यांत्रिक आहे. बंद करायच्या सोलेनॉइडला १२ व्होल्ट मिळाले की इंजिन चालतं, संगणक नाही, सेन्सरची भानगड नाही. १९८५ च्या मध्यापर्यंतच्या इंजिनांत टॅपेट शिमवाले आहेत (व्हॉल्व्हचं अंतर चकत्यांनी लावायचं), त्यानंतरचे हायड्रॉलिक (अंतर आपोआप राखणारे). सुटे भाग मागवताना आपलं यातलं कुठलं, हे आधी ठरवा. हेड, कॅम आणि पॅकिंग यांची अदलाबदल नेहमीच चालत नाही.

आता क्रँकच्या टोकाचं प्रकरण, कारण या इंजिनाची खरी दुखरी नस तीच आहे. टायमिंग बेल्ट फिरवणाऱ्या पिनियनला वेगळी चावी (शाफ्टमध्ये अडकवायचा धातूचा तुकडा) नाही. पिनियनच्याच अंगावर एक छोटा उंचवटा आहे आणि तो क्रँकच्या खाचेत बसतो. ताकद त्या उंचवट्याने पेलायची नसते, ती बोल्टच्या दाबाने पेलायची असते. बोल्ट जरा सैल पडला की डिझेलच्या प्रत्येक ठोक्याला उंचवटा खाचेत आपटतो, खाच रुंद होते आणि टायमिंग मागे सरकत जातं. सुरुवातीला पिकअप कमी होतो, सकाळी पांढरा धूर येतो. लोक पंपाला आणि नोझलला दोष देतात, पंप पुढे फिरवून घेतात आणि महिनाभर सगळं ठीक वाटतं. मग एक दिवस उंचवटा तुटतो, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि हेडचं काम निघतं. या इंजिनात व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांच्या वाटेत येतात, त्यामुळे टायमिंग सुटलं की नुकसान ठरलेलंच.

म्हणून हा बोल्ट एकदा उघडला की परत लावायचा नाही, नवाच घ्यायचा. नंतरच्या इंजिनांत बारा कोनी डोक्याचा ताणला जाणारा बोल्ट आहे, तो ९० न्यूटन-मीटरला कसून वर अर्धा फेरा द्यायचा. जुन्या बोल्टांचे आकार आणि कस वेगळे आहेत, म्हणून आपल्या इंजिनाच्या मॅन्युअलमधलाच आकडा घ्या. पिनियनचा उंचवटा चेपलाय पण क्रँकची खाच धारदार आहे, असं असेल तर नवा पिनियन आणि नवा बोल्ट एवढ्यावर भागतं. खाचच रुंद झाली असेल तर चिकट द्रव भरून बसवलेला पिनियन ही गाडी घरी नेण्यापुरती सोय समजा. खरा उपाय दुसरा क्रँक.

दुसऱ्या क्रमांकाला टायमिंग बेल्ट. बेल्ट बदलताना सगळ्यांत जास्त चुका होतात, कारण पेट्रोल इंजिनाची सवय असलेला हात खुणा जुळवून बेल्ट चढवतो आणि मोकळा होतो. इथे कॅमच्या पिनियनला चावीच नाही, तो निमुळत्या टोकावर नुसत्या घट्टपणाने बसतो. त्यामुळे पिनियनवर खूण करून काही उपयोग नाही. रीत अशी: फ्लायव्हीलवरची टीडीसीची, म्हणजे पिस्टन सर्वांत वर असतानाची, खूण जुळवा. कॅमच्या मागच्या टोकाला आडवी खाच आहे, तिच्यात लॉकपट्टी घाला आणि पट्टीच्या दोन्ही बाजूंना सारख्या जाडीची फीलर पाती सरकवून ती हेडच्या पृष्ठभागाला समांतर करा. पंपाच्या पिनियनमध्ये लॉकपिन घाला. कॅमचा बोल्ट अर्धा फेरा सैल करा आणि मागच्या कव्हरच्या भोकातून पितळी सळईने टिचकी मारून पिनियन सुटा करा. आता बेल्ट चढवून ताण द्या. पिनियन मोकळा असल्यामुळे ताण देताना तो हवा तसा फिरतो आणि कॅम जागचा हलत नाही. मग बोल्ट ४५ न्यूटन-मीटरला कसा, पट्टी आणि पिन काढा, इंजिन हाताने दोन फेरे फिरवून सगळं परत तपासा. इथे कुठेही जोर लागला तर थांबा.

ताणाला कंपनीचं गेज आहे आणि त्यावर १२ ते १३ आकडा यायला हवा. गेज नसेल तर कॅम आणि पंप यांच्या मधल्या भागात दोन बोटांनी बेल्ट ४५ अंशापर्यंत जेमतेम पिळता यावा. जास्त ताण दिलेला बेल्ट गुणगुणतो आणि पंपाचं पुढचं बेअरिंग खातो. बेल्टबरोबर टेन्शनर बदलाच. डिझेल किंवा ऑइल गळून भिजलेला बेल्ट दिसायला नवा असला तरी टाकून द्या. आणि तो भिजला कशाने, ते बंद केल्याशिवाय नवा चढवू नका.

बेल्टनंतर पंपाचं टायमिंग, दर वेळी, न चुकता. पंपाच्या डोक्यात चार नळ्यांच्या मधोमध एक प्लग आहे. तो काढून अडॅप्टरसह डायल गेज बसवा, सुमारे २.५ मि.मी. दाब देऊन. थंडीतल्या स्टार्टची खुंटी पूर्ण आत असू द्या, नाहीतर पंप आधीच पुढे सरकलेला असतो आणि माप फसवं येतं. इंजिन उलट दिशेने हळूहळू फिरवा. काटा जिथे थांबेल तिथे १ मि.मी. दाब ठेवून गेज शून्यावर आणा. मग सुलट दिशेने टीडीसीपर्यंत या. बिगरटर्बो १.६ च्या नेहमीच्या पंपाला ०.८३ ते ०.९७ मि.मी. मधलं माप चालतं आणि नव्याने बसवताना ०.९० ठेवतात. टर्बोला १.०० च्या आसपास. पंपाचे प्रकार बरेच आहेत, तेव्हा पंपावरच्या पट्टीचा क्रमांक आधी वाचा. कानाने टायमिंग लावणारे कुशल कारागीर आहेत, पण कानाला जो फरक कळतो तो ०.०५ मि.मी. पेक्षा मोठा असतो, आणि इंजिन थंडीत पहिल्या हिसक्याला उठतं की नाही हे त्या बारीक फरकावर ठरतं. डायल गेज ही या इंजिनासाठी घेण्याची पहिली वस्तू आहे, पान्यांच्या सेटच्याही आधी.

पंपाबद्दल आमचं मत चांगलं आहे. यांत्रिक भाग सहसा झिजत नाहीत. झिजतात आणि कडक होतात ती रबरी सीलं. कमी गंधकाच्या डिझेलवर गाडी आली की जुनी सीलं आकसतात आणि रेस लिव्हरच्या दांड्यापाशी, वरच्या झाकणाखाली किंवा पुढच्या शाफ्टपाशी ओल दिसू लागते. बाहेर डिझेल आलेलं दिसतं तेवढं बरं. वाईट प्रकार तेव्हा होतो जेव्हा डिझेल बाहेर येत नाही पण हवा आत जाते. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी सुरू होऊन दोन सेकंदांत दम टाकते आणि मग भरपूर सेल्फ मारावा लागतो, तर हवा धरलीय असं समजा. पंपात येणाऱ्या नळीचा एक वीतभर तुकडा पारदर्शक लावून बघा. बुडबुडे दिसले की शोध फिल्टरपासून टाकीकडे घ्यायचा. वरच्या झाकणाचं आणि लिव्हरचं सील पंप गाडीवरच ठेवून बदलता येतं, अर्थात स्प्रिंग आणि लिव्हरची जागा आधी खुणावून ठेवली तर. पुढचं शाफ्ट सील बदलायला मात्र पंप उतरवावा लागतो. व्हिटॉनचंच (डिझेलला टिकणाऱ्या रबराचं) किट घ्या. साधं रबर परत त्याच वाटेने जाईल.

एक बारीक गोष्ट, जिच्यामुळे चांगले पंप विनाकारण उतरवले जातात. डिझेल परत नेणाऱ्या नळीच्या पोकळ बोल्टच्या डोक्यावर ‘आउट’ असं कोरलेलं असतं आणि त्यात केसासारखं बारीक भोक असतं. आत येणाऱ्या नळीचा बोल्ट तसाच दिसतो, पण त्याचं भोक मोठं. दोन्हींची अदलाबदल झाली की पंपाच्या आतला दाब बिघडतो, इंजिन नीट ओढत नाही किंवा सुरूच होत नाही. नळ्या काढल्यावर हा बोल्ट वेगळ्या डबीत ठेवा.

जास्तीत जास्त डिझेलचा स्क्रू मात्र सोडून द्या. पाव फेरा आत घेतला की पिकअप वाढल्यासारखा वाटतो, हे खरं. पण बिगरटर्बो इंजिनात हवा तेवढीच आहे, तेव्हा वाढीव डिझेलचा काळा धूर होतो, बाहेर पडणारा वायू जास्त तापतो आणि त्याचा पहिला मार स्वर्ल चेंबर आणि हेडवर बसतो.

नोझलची तपासणी पंप टेस्टरवरच व्हावी. बिगरटर्बोला उघडण्याचा दाब १३० ते १३८ बार हवा, १२० च्या खाली गेला तर नोझल किंवा शिम बदला. आतल्या शिमची जाडी ०.०५ मि.मी. ने वाढवली की दाब सुमारे ५ बारने वाढतो. मग ११० बारवर दहा सेकंद धरून बघा, टोकाला थेंब जमला नाही तर नोझल नीट बंद होतो. फवाऱ्याखाली हात धरू नये, त्या दाबाचं डिझेल कातडीच्या आत शिरतं आणि ती जखम दिसायला किरकोळ पण खरोखर गंभीर असते. नोझल हेडमध्ये ७० न्यूटन-मीटरला बसतो, नळ्यांचे नट २५ ला. खालचे उष्णतारोधक वॉशर दर वेळी नवे घ्या. ते एकदा चेपले की संपले, आणि जुना वापरला तर नोझलचं टोक जळतं. कॉम्प्रेशन गेज लावतानाही हा वॉशर मध्ये हवाच.

कॉम्प्रेशनचा आकडा बघताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. पेट्रोलचं गेज इथे कामाचं नाही, किमान ४० बार दाखवणारं हवं. नव्या इंजिनाला ३४ बार येतात, २८ ही खालची मर्यादा, आणि चार सिलिंडरांत फरक ५ बारपेक्षा जास्त नको. सोलेनॉइडची वायर काढून ठेवायची, म्हणजे डिझेल येणार नाही. आणि कमी आलेल्या सिलिंडरात ऑइल ओतून ‘रिंग गेल्या’ असा निष्कर्ष काढण्याची पेट्रोलवाली युक्ती इथे वापरू नका. डिझेलची जळण्याची जागा इतकी लहान असते की ओतलेल्या ऑइलनेच ती भरते आणि आकडा आपोआप चढतो. शिमवाल्या इंजिनात कॉम्प्रेशन कमी दिसलं तर आधी टॅपेटचं अंतर मोजा: थंड इंजिनावर इनटेक ०.१५ ते ०.२५, एक्झॉस्ट ०.३५ ते ०.४५ मि.मी. अंतर संपून व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहिलेली कितीतरी इंजिनं विनाकारण खाली उतरवली जातात. शिम काढताना त्या सिलिंडरचा पिस्टन टीडीसीवर नसावा. क्रँक पाव फेरा पुढे घ्या, नाहीतर टॅपेट दाबताना व्हॉल्व्ह पिस्टनला लागतो.

हेडच्या बाबतीत हे इंजिन कडक आहे. वाकडेपणाची मर्यादा ०.१ मि.मी., आणि त्यापुढे गेलेलं हेड फेसिंग करून वापरायचं नाही, असं कंपनीचंच म्हणणं आहे. कारण सोपं आहे: हेड घासलं की व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात आणि स्वर्ल चेंबरचे ठोकळे बाहेर डोकावतात. ते हेडच्या पातळीपेक्षा ०.०७ मि.मी. पेक्षा जास्त वर आलेले चालत नाहीत. व्हॉल्व्हच्या दोन सीटांमध्ये दिसणारी बारीक भेग बघून मात्र घाबरू नका. ०.५ मि.मी. पर्यंतची भेग चालते. त्या भेगेसाठी हेड भंगारात काढायला सांगणारा माणूस या इंजिनाला ओळखत नाही, असं बिनधास्त समजा.

हेड पॅकिंग ‘या मॉडेलचं’ म्हणून मागवू नका. ते तीन जाड्यांत येतं आणि कडेच्या खाचा मोजून ओळखायचं. निवड पिस्टन ब्लॉकच्या पातळीवर किती येतो त्यावर होते. चारही पिस्टन डायल गेजने मोजा आणि सर्वांत जास्त आलेला आकडा धरा. हायड्रॉलिक टॅपेटच्या इंजिनाला ०.६६ ते ०.८६ मि.मी. असेल तर एक खाच, ०.८७ ते ०.९० ला दोन, ०.९१ ते १.०२ ला तीन. शिमवाल्याच्या मर्यादा थोड्या वेगळ्या आहेत. गरजेपेक्षा जाड पॅकिंगने कॉम्प्रेशन घटतं आणि थंडीत त्रास होतो, पातळ घातलं तर पिस्टन हेडला टेकतो. ब्लॉकमधले पिस्टन बदलले असतील तर जुन्या पॅकिंगच्या खाचांवर विसंबू नका.

बसवताना बोल्टांची भोकं कोरडी आणि स्वच्छ हवीत. आत ऑइल साचलं असेल तर बोल्ट कसताना ते दाबलं जाऊन ब्लॉकच तडकतो. पिस्टन टीडीसीखाली ठेवून हेड टेकवा. १२ मि.मी. चे ताणले जाणारे बोल्ट नवेच, मधून बाहेर अशा क्रमाने: ४० न्यूटन-मीटर, मग ६०, मग एका दमात अर्धा फेरा.

ब्लॉकबद्दल फारसं सांगायला नको, तो या इंजिनाचा सर्वांत विश्वासू भाग. रिंगचं तोंड बोअरमध्ये ०.३० ते ०.५० मि.मी., १.० झालं की रिंग बदला. मूळ बोअर ७६.५१, पुढची मापं ७६.७६, ७७.०१ आणि ७७.५१. पहिल्याच खेपेला शेवटच्या मापाला जाऊ नका. व्हॅक्यूम पंपाचा शाफ्टच ऑइल पंपाला फिरवतो, हे विसरून व्हॅक्यूम पंप काढलेला असताना सेल्फ मारला तर ऑइलचा दाब शून्य.

हीटर प्लगमध्ये (थंड इंजिन सुरू करण्याआधी तापणारे) स्वस्ताई नको. प्रत्येकाचा अवरोध एक ओहमच्या आत हवा. चारही प्लग चांगले असूनही तापत नसतील तर ५० अँपियरची पट्टीसारखी फ्यूज बघा. ती जागेवरच तडकते आणि वरून धड दिसते. ऑइल १५डब्ल्यू-४०, डिझेलसाठीचंच, दर ७,५०० किलोमीटरला. नवं ऑइल एका दिवसात काळं होतं, त्यात काही बिघाड नाही. पातळी वरच्या खुणेपुढे मात्र कधीच जाऊ देऊ नका. जास्तीचं ऑइल ब्रीदरमधून (इंजिनाच्या आतली वाफ सोडणाऱ्या नळीतून) इनटेकमध्ये ओढलं गेलं की इंजिन त्याच्यावरच पळू लागतं आणि चावी बंद करून थांबत नाही. अशा वेळी वरचा गिअर टाकून, ब्रेक दाबून क्लच सोडा, किंवा इनटेकचं तोंड फळीने बंद करा. हाताने नाही.

नव्याने बांधलेलं इंजिन पहिल्यांदा सुरू करताना फिल्टर आणि पंप स्वच्छ डिझेलने भरून घ्या, कोरडा फिरला तर पंपाची आतली पाती घासतात. सोलेनॉइडची वायर काढून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत सेल्फ मारा. वायर जोडा, नोझलकडचे नट सैल करा, बुडबुडे संपेपर्यंत फिरवा, नट कसा, हीटर पूर्ण वेळ तापू द्या. चालू झाल्यावर ऑइल ५० अंशांपर्यंत गरम करून हेडचे बोल्ट सैल न करता आणखी पाव फेरा कसा. सुमारे १,५०० किलोमीटरनंतर परत पाव फेरा, त्यानंतर हात लावू नका. पॅकिंगच्या पाकिटात वेगळी सूचना असेल तर ती पाळा, कारण थरांच्या धातूच्या पॅकिंगला हा नंतरचा कस लागत नाही. त्याच १,५०० ला क्रँकच्या पुलीवर एक नजर टाका.